कच्च्या बांगड्यांची सरूबाई

मुक्ता निळी पडली तेव्हा सरूबाई कासारीण आमच्या ओट्यावर माझ्या सुनेच्या हातात बांगडी चढवत होती. मुक्ता माझी नात, तेव्हा अकरा महिन्यांची. बाजूला वाकळीवर पडून ती बराच वेळ रडत होती आणि आम्ही तिला रडू देत होतो, कारण बांगडी निम्म्यात आली होती. मग रडणं थांबलं. बरं झालं, असं मला वाटलं. सुनंदाने, म्हणजे माझ्या सुनेने, वळून पाहिलं आणि ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती उठली. पोरीचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते, नखंही तशीच, आणि मान एका बाजूला पडली होती.

सुनंदाचा हात सरूबाईच्या हातात. बांगडी बोटांच्या हाडांवर रुतलेली, वर जाईना, खाली येईना. सरूबाईने ती ओट्याच्या दगडावर आपटून फोडली. सुनंदाच्या हातातून रक्त आलं. आमच्याकडे बांगडी फुटली असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. आणि ही तर सवाष्णीच्या हातातली, खुद्द कासारणीने फोडलेली. नात निळी पडलेली असताना माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, "सरूबाई, माझ्या सुनेची बांगडी फोडलीस का?"

हे मी लपवत नाही, कारण लपवण्यात अर्थ नाही. सरूबाईने ते पुढं मरेपर्यंत चारचौघींत सांगितलं, आणि माझा आवाज काढून सांगितलं.

 तेव्हा मात्र तिने पोरीला उचललं, तिचे दोन्ही गुडघे दुमडून तिच्याच छातीशी दाबले आणि तशीच तिला पोटाशी घट्ट धरून भिंतीला टेकून बसली. "रडू नको," ती सुनंदाला म्हणाली. "तू रडलीस की ही रडती, आन् ही रडली की पुन्हा निळी पडती." मग माझ्याकडे बघून, "भागाबाई, बांगडीचं मागून बघू. आधी गाडी बघ."

मी शेजारच्यांची जीप आणेपर्यंत ओठांचा जांभळा रंग उतरून मातकट झाला होता. पोरगी श्वास घेत होती. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गुडघे छातीशी धरायचं कुणी सांगितलं. सुनंदा म्हणाली, कासारणीने. डॉक्टरांना वाटलं, कासार हे आडनाव आहे आणि बाई नर्स असेल.

सरूबाई चारठाण्याची. बसकी, रुंद हाडाची, आवाज फुटक्या घागरीसारखा. डोक्यावर बांगड्यांचं बोचकं घेऊन जिंतूर तालुक्यातली आणि सेलूच्या वाटेवरची किती गावं ती फिरत असेल, ते तिलाच ठाऊक. पुढं गुडघे गेले तेव्हा ती एसटीने फिरू लागली, पण कंडक्टरशी भांडण सुरू झालं. बोचकं ती पायाशी ठेवू द्यायची नाही, शेजारच्या सीटवर बसवायची आणि म्हणायची, "ह्यात बायकांचं सौभाग्य हाय. उभं राहून येणार न्हाई."

तिच्याकडे बांगडीचं माप घ्यायला काही नव्हतं. हात हातात घ्यायची, अंगठा आत मुडपून एकदा दाबायची आणि माप सांगायची. कधी चुकली नाही. माप सांगता सांगता बाकीचंही सांगायची. हात गरम लागला तर ताप आहे, हात ढिला पडला तर पोट रिकामं आहे, हात मागं ओढला तर घरात काहीतरी झालंय. "तोंड खोटं बोलतं, हात न्हाई," हे तिचं वाक्य. स्वतः मात्र तोंडाने भरपूर खोटं बोलायची. दर वेळी माल नवा आलाय म्हणायची, आणि तीच हिरवी माळ मी तिच्याकडे तीन संक्रांती पाहिली होती.

गुडघ्यांची गोष्ट तिला ठाऊक होती, कारण सेलूत एका बाईच्या लेकीला तसंच व्हायचं, आणि त्या बाईला ते मोठ्या दवाखान्यात शिकवलं होतं. सरूबाईने ते बघून ठेवलं होतं. तिचं सगळं ज्ञान असंच. या ओट्यावरून उचलायचं, त्या ओट्यावर ठेवायचं.

मुक्तासारख्या लेकरांच्या आयांना सरूबाई एकत्र आणायची, म्हणून लोक विचारायचे, तुझ्या पोटी असं लेकरू होतं का. नव्हतं. तिला तीन मुलगे, तिघेही धड. त्यातला एक तर इतका धड की आईला विचारायचा नाही. तिने हे काम का धरलं, ते तिने मला एकदाच सांगितलं, तेही चहा पातळ झालाय म्हणून माझी उणीदुणी काढून झाल्यावर. एकाच दिवशी तीन गावांत तीन बायांनी तिला तोच प्रश्न विचारला होता, आवाज बारीक करून, दाराकडे बघत. असं लेकरू आणखी कुणाला झालंय का. तिघींना वाटत होतं की आपणच एकट्या. तिघींच्या सासवा पोराला आतल्या खोलीत ठेवायच्या. आणि त्या तिन्ही खोल्या फक्त सरूबाईने पाहिल्या होत्या, कारण कासारणीला आत यायला कोणी अडवत नाही.

"मला एकटीला ठाऊक," ती म्हणाली. "आन् मी तोंड मिटून बांगड्या विकायले. ह्ये कसलं शहाणपण म्हणावं?"

त्या पोरांना डॉक्टर डाऊन सिंड्रोम म्हणतात. आमच्याकडे खुळं म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. सरूबाई म्हणायची, एका रेघेची लेकरं. बारशाला बाळाच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या तीच घालायची, त्यामुळे तळहात तिच्यासमोर उघडा असायचा. अशा पुष्कळ लेकरांच्या तळहातावर आडवी एकच रेघ असते आणि करंगळी आखूड, जराशी आत वळलेली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हजारो हात बघून तिने ते आपलं आपणच ओळखलं होतं, आणि त्याचा तिला गर्व होता.

त्या गर्वाने एकदा तिचं तोंड पोळलं. सेलूच्या वाटेवरच्या एका गावात बारशाला मनगट्या घालताना तिने बाळाच्या हातावर एक रेघ पाहिली आणि आजीच्या कानात सांगून टाकलं. घरात चूल पेटली नाही. बाळंतिणीचं दूध आटलं. तीन आठवड्यांनी तपासणीचा कागद आला, बाळ चांगलं होतं. काही चांगल्या माणसांच्या हातावरही एकच रेघ असते, हे सरूबाईला तेव्हा कळलं. ती परत गेली. आजीने झाडू उचलला. सरूबाईने तो झाडू खाल्ला, मग वयाने आपल्याहून लहान असलेल्या त्या आजीचे पाय धरले आणि बोचकं उचलून आली. त्यानंतर तिने हात बघून कुणाला काही सांगितलं नाही. फक्त म्हणायची, डॉक्टरला दाखवून आणा, मी कासारीण हाय.

आमच्या मुक्ताच्या बारशालाही ती तेवढंच म्हणाली होती. दर फेरीला म्हणाली. पोरगी दूध ओढत नाही, दाखवून आणा. लवकर दमती, दाखवून आणा. मी म्हणाले, आमच्या घरात सगळीच पोरं बारीक असतात. अकरा महिने मी हेच म्हणाले. पुढं मी तिला विचारलं, तुला दिसत होतं तर ठणकावून का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "झाडूचं भ्या न्हाई वाटलं. त्या बाळंतिणीचं तोंड आठवायचं." आणि वर म्हणाली, "चुकलंच माझं. पन तू बी लय जाड कानाची हायस." दोन्ही खरं होतं.

परभणीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मुक्ताला डाऊन सिंड्रोम आहे आणि हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन संभाजीनगरला, सरकारी योजनेतून होईल, पण थांबता येणार नाही. असं निळं पडणं पुन्हा होईल आणि एखाद्या वेळी पोरगी त्यातून परत येणार नाही.

दसरा तोंडावर होता. माझा मुलगा ज्ञानोबा आणि सुनंदा दर वर्षी ऊसतोडीला जात, तशी त्यांची बांधाबांध चालली होती. ज्ञानोबा म्हणाला, हंगाम होऊ द्या, मग बघू. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. एवढ्याशा जिवाची छाती फाडायची आणि वाचली तरी ती अशीच राहणार. तिला कशाला हाल.  सुनंदाने त्या दिवसापासून मुक्ताला खाली ठेवणंच सोडलं.

सरूबाईला हे कळलं. मला वाटलं, आता ही येऊन भांडेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ती आली, पण भांडली नाही. तिच्याबरोबर सेलूची अनुसया होती, तीच गुडघेवाली, जिनिंगमध्ये कापूस उचलणारी. आणि अनुसयाची लेक पिंकी, नऊ वर्षांची, एका रेघेची, तिचं ऑपरेशन झालेलं.

सरूबाई म्हणाली, वाटेवर होतो, पाणी प्यायला आलो. सेलूहून आमचं गाव कुणाच्याच वाटेवर नाही.

पिंकीने घरात पाऊल टाकल्यापासून मला एक मिनिट सुख दिलं नाही. माझा चहा प्याली. माझी पानाची चंची उघडून सुपारी कोंबडीला घातली. मी हात उगारला तर तिने माझ्यापेक्षा मोठा हात उगारला. मग ती ज्ञानोबाजवळ गेली. तो अंगणात कोयत्याला मूठ बसवत होता. ती त्याला मामा म्हणाली, समोर बसली आणि झग्याची वरची गुंडी काढून छातीवरची लांब शिवण दाखवली, जशी एखादी पोरगी नवा दागिना दाखवते. ज्ञानोबाने नजर फिरवली. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून परत आपल्याकडे केलं. मग सरूबाईच्या माळेतून एक लाल बांगडी आणली आणि त्याचा अंगठा आत मुडपून, अगदी सरूबाई दाबते तसा दाबून, ती त्याच्या हातात चढवायला लागली. एवढा दांडगा माणूस हलला नाही. हलला असता तर काच पोरीला लागली असती. शेवटी बांगडी मनगटावर गेली आणि तिथंच बसली.

ज्ञानोबा त्या बांगडीसकट जेवायला बसला. काढायला जावं तर पिंकी रडायची. कोणी हसत नव्हतं, सगळ्या खाली बघून भाकरी मोडत होत्या. सरूबाईने ठेचा मागून घेतला आणि म्हणाली, "ज्ञानोबा, बांगड्या तर भरल्यास. आता भरून घरात बसतूस का पोरीला घेऊन जातूस?"

माझ्या मुलाला दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर ताट उलटं झालं असतं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग त्याने अनुसयाला विचारलं, "हिला किती दिवस ठेवलं व्हतं दवाखान्यात?" अनुसयाने सांगायला सुरुवात केली. कुठं उतरायचं, कागद कोणते, रक्त कोण देतं, बापाला रात्री कुठं झोपू देतात, काचेतून पोरगी दिसते तेव्हा नळ्या बघून घाबरायचं नाही. तो ऐकत राहिला. मुकादमाला त्याने दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की यंदा आमची जोडी येत नाही.

ती दोघं पोरीला घेऊन संभाजीनगरला गेली आणि मी घरी एकटी राहिले, शेळ्यांपाशी. सरूबाई रोज यायची. मी विधवा, माझ्या हातात बांगडी नाही, घरात दुसरी बाई नाही, म्हणजे तिचं माझ्याकडे काही काम नव्हतं. ती ओट्यावर बोचकं सोडून बसायची आणि फुटका माल वेगळा काढायची. धीर वगैरे तिने मला दिला नाही. मी चहात साखर कमी घालते, यावर आम्ही आठ दिवस भांडलो. नवव्या दिवशी ऑपरेशन होतं. त्या दिवशी तिने चहाला नाव ठेवलं नाही. दिवसभर ती एकाच माळेच्या बांगड्या काढत होती आणि परत ओवत होती. तिसऱ्या प्रहरी तिच्या मोबाईलवर सुनंदाचा फोन आला. सरूबाईने ऐकलं, मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, "श्वास घ्यायलीय. आता चहा कर, साखर घालून कर."

पुढं सुनंदाही तिच्या बायांत सामील झाली. बाजाराच्या दिवशी चारठाण्याला जुन्या देवळाच्या ओट्यावर सरूबाई बोचकं मांडायची आणि आठ-दहा जणी लेकरांसकट जमायच्या. खुळ्या पोराच्या बैठकीला जाते म्हटलं असतं तर एकाही सासूने सोडलं नसतं. पण सुनेचा हात रिकामा दिसतोय, बांगड्या भरून येते, याला नाही म्हणायची कुठल्या सासूची छाती आहे. यात सरूबाईची एक चोरी होती, ती मला फार उशिरा कळली. या बायांना ती मुद्दाम कच्चा माल भरायची. महिनाभरात बांगड्या पिचायच्या आणि बाई पुन्हा ओट्यावर हजर. मी तिला म्हणाले, अगं, हे पाप आहे. ती म्हणाली, "तुझ्या सुनेची बांगडी फोडली तवाच पाप झालं माझं. आता काय मोजायचं?"

त्या ओट्यावर भाषण नव्हतं. कुणाचं पोर जीभ आत घेत नाही, कुणाच्या पोराला शाळेत घेत नाहीत, कुणाचा नवरा पोराला उचलत नाही, हेच चालायचं. जिला ठाऊक ती सांगायची. पोरांच्या पुढ्यात सरूबाई फुटका नसलेला माल ओतायची, रंग वेगळे करा, दोरीत ओवा. त्याने बोटं वळती होतात, असं परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी मागून सांगितलं. सरूबाई म्हणाली, मला ते ठाऊक नव्हतं, मला फुकटात माळा ओवून पायजे होत्या. पुढं बापही यायला लागले. ते लांब, पिंपळाखाली उभे राहायचे, जणू एसटीची वाट बघताहेत. एसटी येऊन जायची, ते उभेच.

एकदा आम्ही लेकरांची सर्टिफिकेटं काढायला परभणीच्या शिबिराला गेलो. तिथले तरुण डॉक्टर शिक्का मारत होते. सरूबाईने त्यांचा हात टेबलावरच धरला, उलटा केला आणि म्हणाली, "सायब, तुमची बी एकच रेघ हाय. तुमी आमच्यातलेच."  डॉक्टरांनी आपला हात बघितला. म्हणाले, माझी आईपण म्हणते, हा कुणाचं ऐकत नाही. "मग न्हाई तुमी," सरूबाई म्हणाली, "आमची लेकरं ऐकतात." हे साफ खोटं. मुक्ता आजतागायत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण परत येताना जिंतूरजवळ सरूबाईला तो हात पुन्हा आठवला. मग म्हणाली, "त्या झाडूवालीला ह्यो सायब तवाच दाखवाया पायजे हुता."

मी तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या संक्रांतीच्या आधी, त्याच देवळाच्या ओट्यावर. तिचे हात कापायला लागले होते, काच धरवत नव्हती. ती नुसती बसली होती आणि बायांच्या हातात बांगड्या मुक्ता चढवत होती. मी मागं बसले होते. मुक्ताने गर्दी संपल्यावर माझा हात ओढला, अंगठा आत मुडपून दाबला आणि माप सांगितलं.

"बरोबर हाय," सरूबाई म्हणाली.

मुक्ताने हिरवी बांगडी घेतली. मी हात मागं घेतला. विधवेच्या हातात हिरवा चुडा, बायका बघत होत्या.

"भर गं भागाबाई," सरूबाई म्हणाली. "माझा माल कच्चाच हाय. किती दिवस टिकणार?"

मी हात पुढं केला. ती बांगडी अजून माझ्या हातात आहे. म्हणजे मालाबद्दलही ती खोटंच बोलली.

सरूबाई महिनाभराने गेली, झोपेत, चारठाण्याला. बांगडी फुटली त्या दिवशी आमच्या ओट्यावर आम्ही चौघी होतो. आता मी आहे, सुनंदा आहे, आणि मुक्ता आहे, पंधरा वर्षांची.